सर्फिंग, गळ आणि स्पॅनिश : खान्देशातून सहकुटुंब सहा आठवडे कुठे जाऊन राहावं?

तापीकाठची

एप्रिलअखेर मुलांच्या परीक्षा संपतात आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. पुढच्या वर्षीची ती सगळी सुट्टी आम्हाला परदेशात एकाच गावी राहून काढायची आहे. जाणारे सहा जण : आम्ही दोघं, आठवीतली मुलगी, सहावीतला मुलगा, सासरे आणि सासूबाई. राहतो भुसावळला.

मुलीने शाळेबाहेर स्पॅनिश शिकायला घेतलंय आणि ती ते मनापासून करते. मुलाला पाण्याचं वेड आहे, त्याला लाटांवर उभं राहायचंय. आप्पांनी (सासरे) आयुष्यभर तापीच्या डोहांत आणि हतनूरच्या फुगवट्यावर गळ टाकलाय. मरळ, वाम, शिंगाडा यांच्या सवयी त्यांना तोंडपाठ आहेत, पण समुद्रात त्यांनी कधी गळ टाकलेला नाही. सासूबाई (आई) माळकरी आहेत, मासे-मटण काही नाही. शिवाय दरवर्षी त्या मुक्ताईच्या पालखीबरोबर चालतात, त्यामुळे पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघायच्या आत त्यांना घरी यायचंच आहे.

सहलीच्या कंपनीबरोबर दहा दिवसांत पाच शहरं असं आम्हाला नको. एक गाव, एक भाड्याचं घर, रोजचा बाजार आपला आपण करायचा. मनात मेक्सिको, कोस्टा रिका आणि स्पेन असे तीन देश आहेत. ज्यांनी यातलं काही पाहिलंय किंवा ज्यांना पाण्यातलं, मासेमारीतलं, भाषेतलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सहा जणांची बरीच वर्षांची बचत यात जाणार आहे.

अमळनेरकर

ताई, भलता भारी इचार शे तुमना! पन पहिले एक सांगा, पोरेसले पोहता येस का? आनि आप्पासले?

तापीकाठची

मुलाला चांगलं येतं, मुलीला बऱ्यापैकी. आप्पा नदीत वाढलेले आहेत. मला आणि नवऱ्याला येत नाही. शिकायची तयारी आहे.

रावेरची केळी

वहिनी, कोस्टा रिकाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. आमचा धंदाच केळीचा, त्यामुळे त्या देशाबद्दल बरंच वाचलेलं आहे. तिथल्या केळीच्या मोठ्या बागा कॅरिबियन बाजूला, लिमोन प्रांतात आहेत. सर्फिंगची नावाजलेली गावं पॅसिफिक बाजूला, निकोया द्वीपकल्पावर : तामारिन्दो, नोसारा, सामारा. यात सामाराचा उपसागर खडकांच्या आडोशाला असल्यामुळे लाट मवाळ असते, मुलांना तेच बरं. तामारिन्दोच्या खाडीत मगरी आहेत, म्हणून तिथल्या मुखाजवळ पाण्यात उतरायचं नाही. नोसाराजवळ ओस्तिओनाल नावाचा किनारा आहे, तिथे हजारो ऑलिव्ह रिडले कासवं एकदम अंडी घालायला येतात. पण मे महिन्यात तिथे पावसाळा सुरू होतो आणि पुढे तो वाढतच जातो. देशही स्वस्त नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, तुम्ही कुठेही जा. केळी पिकवणाऱ्या देशात गेलात तर बागेत पाय ठेवू नका, आणि ठेवलाच तर ते बूट परत आणू नका. केळीवरच्या पनामा मर रोगाचा टीआर-४ नावाचा प्रकार मातीतून पसरतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला, २०२१ मध्ये पेरूत. आपल्या देशात बिहारमध्ये आलेला आहे. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षं टिकते आणि तिच्यावर औषध नाही. आपल्याकडे रावेर-यावलला जवळजवळ सगळी बाग एकाच जातीची, ग्रँड नैन. करपा आणि सीएमव्ही या रोगांनी आधीच लोक पिचलेत. एका बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती पुरेल.

तापीकाठची

भाऊ, हे मला कुणीच सांगितलं नसतं. आमच्या नात्यात निम्म्यांची केळी आहे. कोस्टा रिका ठरलंच तरी बागेकडे फिरकणार नाही.

सातपुड्याची सावली

मी काही वर्षं लीमात नोकरीला होते, म्हणून यादीत नसलेल्या पेरूबद्दल लिहिते. उत्तरेला त्रुहीयो शहराजवळ वान्चाको म्हणून गाव आहे. तिथले कोळी आजही 'काबायीतो दे तोतोरा' घेऊन समुद्रात जातात. तोतोरा म्हणजे पाणथळीत वाढणारं लव्हाळं. त्याच्या जुड्या बांधून टोकाला वर वळलेली अरुंद होडी करतात, तिच्यावर घोड्यासारखं बसून लाटा ओलांडतात आणि येताना लाटेवरूनच किनाऱ्याला लागतात. त्या भागातल्या जुन्या मोचे संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवरसुद्धा या होड्या दिसतात. २०१३ मध्ये वान्चाकोला जागतिक सर्फिंग राखीव किनाऱ्याचा मान मिळाला. मासेमारी आणि लाटेवर स्वार होणं या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगात पाहायच्या असतील तर तिथे बघाव्यात. पेरूची स्पॅनिश संथ आणि स्वच्छ, शिकणाऱ्याला सोपी जाते.

तरीही तुमच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही. हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी बाराही महिने गार असतं आणि एप्रिलपासून दक्षिणेकडून मोठ्या लाटा यायला लागतात. प्रवास फार लांबचा. आणि परत येताना पीतज्वराचा मुद्दा आहे : पेरूतून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागेल. वय झालेल्या माणसांना ती देताना डॉक्टर जास्त विचार करतात. तुमच्याबरोबर आप्पा आणि आई आहेत.

मेक्सिकोबद्दल थोडंच. ओआहाका राज्यातलं पुएर्तो एस्कोन्दिदो सगळे सांगतील. तिथला सिकातेला किनारा शिकाऊंसाठी अजिबात नाही, मे-जूनमध्ये तर नाहीच. जगातले कसलेले सर्फर त्या लाटेसाठी तिथे जातात. मुलांना न्यायचं तर कारीसालीयोचा छोटा उपसागर. मासेमारी उत्तम, छोट्या होडीतून सेलफिश आणि डोराडोसाठी जातात. किनाऱ्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, होडीत बसलात की प्रत्येकाला लागतो. पण मे म्हणजे तिथलाही कडक उन्हाळा. भुसावळच्या उन्हातून निघून पुन्हा तसल्याच उन्हात जायचं का, हे तुम्ही ठरवा.

आणि विमानाचं तिकीट काढताना जपा. स्वस्त मार्ग बरेचदा अमेरिकेतून जातात आणि तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो.

धुळ्याचा, सध्या बिल्बाओ

वहिनी, मी मूळचा धुळ्याचा, नोकरीनिमित्त स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर असतो. तुमच्या घरातली सहाही माणसं डोळ्यांसमोर ठेवून सांगतो : कान्ताब्रियाला या. नकाशात सांतान्देर शोधा आणि तिथून साधारण साठ किलोमीटर पश्चिमेला सान विसेन्ते दे ला बार्केरा. जेमतेम चार हजार वस्तीचं मासेमारी बंदर. खाडीवरचा जुना दगडी पूल, वर किल्ला आणि चर्च, खाली होड्या, पुलापलीकडे मेरोनचा लांबलचक वाळूचा किनारा. किनाऱ्यावर उभं राहून मागे वळलं की पिकोस दे एउरोपाचे डोंगर, मेच्या सुरुवातीला त्यांच्यावर बर्फ असतं.

कान्ताब्रियाच का, तर पहिलं कारण भाषा. मी राहतो त्या बास्क भागात पाट्यांपासून शाळेपर्यंत एउस्केरा आहे. पश्चिमेला गालिसियात गालेगो. दोन्ही गोड भाषा आहेत, पण तुमची मुलगी स्पॅनिश कानावर पडावी म्हणून येणार. या दोहोंच्या मधल्या कान्ताब्रियात दुकानात, बंदरावर, बसमध्ये, सगळीकडे कास्तेयानोच, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती. खाली अंदालुसियात हवामान छान आहे, पण तिकडचे लोक शब्दांच्या शेवटचा 'स' गिळतात, नवशिक्याला ते जड जातं.

दुसरं कारण लाट. बिस्केच्या उपसागरात हिवाळ्यात अटलांटिकची वादळं येऊन आदळतात, तेव्हा हा किनारा शिकाऊंचा नसतो. मे-जूनमध्ये जोर उतरतो आणि मेरोनवर वाळूच्या तळाची, कमरेएवढ्या पाण्यात फुटणारी फेसाळ लाट मिळते. शिकायला तीच हवी. इथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार मीटरपेक्षाही जास्त होतो. एकच किनारा सकाळी आणि दुपारी दोन वेगळे किनारे वाटतात. त्यामुळे रोज भरतीचं कोष्टक बघून शिकवणीची वेळ ठरते. शक्यतो सकाळची घ्या. चांगल्या हवेच्या दिवसांत दुपारून ईशान्येचा वारा सुटतो, तो समुद्राकडून येतो आणि लाटेचा आकार मोडतो. दक्षिणेचा वारा असेल तर लाट सरळ आणि स्वच्छ उभी राहते.

पाणी मात्र गार. मेच्या सुरुवातीला पंधरा अंशांच्या आसपास, जूनमध्ये अठरापर्यंत. तिथे सगळेच रबरी सूट घालूनच उतरतात. चार-तीन मिलिमीटर जाडीचा सूट शिकवणीबरोबरच मिळतो, विकत आणू नका.

तिसरं कारण आप्पांसाठी. त्याच दिवसांत 'बोकार्ते'चा हंगाम असतो, म्हणजे अँकोव्ही, बोटाएवढा चंदेरी मासा. सान विसेन्तेच्या लिलावघरात होड्या परत आल्या की पेट्या उतरतात. पलीकडे सान्तोन्याला याच माशाला मिठात महिनोन्‌महिने मुरवून, एकेक काटा काढून डबाबंद करतात. हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिसिलीहून आलेल्या लोकांनी तिथे रुजवलं आणि काटे काढायचं बारीक काम आजही बहुतेक बायकाच करतात. आप्पांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट : २००५ मध्ये हा मासा इतका घटला की मासेमारीच बंद करावी लागली. २०१० मध्ये साठा सावरल्यावर ती पुन्हा सुरू झाली. अख्ख्या किनाऱ्याने ती वर्षं हातावर हात ठेवून काढली. बंदरावरचे म्हातारे कोळी यावर तासन्‌तास बोलतात, फक्त ऐकणारा हवा.

आणि आईंसाठी. सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पायी यात्रेची उत्तरेकडची वाट, कामिनो देल नोर्ते, याच गावातून जाते. पाठीवर पिशवी आणि तिला बांधलेला शिंपला घेऊन चालणारे लोक रोज दिसतील. शिवाय याच गावापासून एक छोटी वाट फुटते, कामिनो लेबानिएगो, ७२ किलोमीटरची, डोंगरातल्या सान्तो तोरिबियोच्या मठापर्यंत. मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बाईला ती काहीच नाही. एखादा टप्पा नक्की चाला.

तापीकाठची

भाऊ, हे आईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, तिथे रात्री मुक्कामाला कुठे थांबतात आणि वाटेत पाणी कोण देतं? मला वाटतं त्यांचं ठरलं.

धुळ्याचा, सध्या बिल्बाओ

आईंना सांगा, वाटेवर 'आल्बेर्गे' असतात, आपल्या धर्मशाळेसारख्याच. एका खोलीत दोन मजली खाटा, कुठे ठरावीक पैसे, कुठे यथाशक्ती. पाण्याचे नळ गावोगावी आहेत. चालणाऱ्याजवळ एक पुस्तिका असते, प्रत्येक मुक्कामी तिच्यावर शिक्का मारून घेतात.

नवापूरचा गळ

आप्पांसाठी लिहितो. आमचं बालपण उकाईच्या फुगवट्यावर गेलं, नंतर काही वर्षं कोकणात नोकरी झाली आणि समुद्रातली मासेमारी तिथे शिकलो. नदीच्या माणसाला समुद्रावर एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते : तिथे घड्याळ माशाचं नाही, भरतीचं असतं. डोहावर आपण पहाट आणि तिन्हीसांज बघतो. समुद्रावर भरती चढायला लागली की मासा खाण्यासाठी काठाकडे सरकतो, खाडीच्या मुखाशी तर जास्तच. सान विसेन्तेला खाडी आहे असं भाऊंनी लिहिलंय, म्हणजे आप्पांची जागा मुखाजवळ.

त्या किनाऱ्यावर लुबिना (सी-बास), डोराडा (मेक्सिकोतला डोराडो वेगळा) आणि सार्गो हे काठावरून मिळणारे मासे. सार्गो खडकांना फेस येतो तिथे चरतो, त्याला छोटा खेकडा किंवा समुद्री किडा आमिष म्हणून लावतात. कणकेच्या गोळ्या खाऱ्या पाण्यात लवकर विरघळतात. हतनूरची बांबूची काठी नेऊ नका. लांब फेकीची काठी आणि खाऱ्या पाण्यात न गंजणारा रीळ तिथेच घ्या, आणि रोज गोड्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथले लोक 'मागानो' म्हणजे माकूळ धरतात. आमिष नसतंच, आकड्यांचा झुपका असलेलं एक साधन पाण्यात वरखाली हलवायचं. तो प्रकार वयस्क माणसाला बसल्या जागी करता येतो.

परवान्याचं आधीच बघा. स्पेनमध्ये छंदाची समुद्री मासेमारी करायला त्या-त्या स्वायत्त प्रांताचा परवाना लागतो, काठावरून टाकायचा असला तरी. कान्ताब्रियाचा तिथलं प्रांतिक सरकार देतं. मापापेक्षा लहान मासा लगेच सोडायचा, आणि धरलेला मासा विकायचा नाही. लोक समुद्रस्नानाला येतात त्या वाळूवर उन्हाळ्यात दिवसा गळ टाकायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. मुलं सर्फिंगला ज्या बाजूला असतील त्या बाजूला तर कधीच टाकायचा नाही, तुटलेला आकडा पायात जातो.

आमच्याकडे पावसाळा लागला की जाणती माणसं जाळं आवरतात, कारण तो माशांच्या अंड्यांचा काळ. राज्याच्या समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. बोकार्तेची ती पाच वर्षांची बंदी वाचून मला फार बरं वाटलं. आप्पा ते ऐकून नक्की मान डोलावतील.

पांझराकाठचा पोहणारा

धुळ्यात मुलांना पोहायला शिकवतो. सर्फिंगपेक्षा आधी समुद्रात पोहण्याचं बोलू या, कारण आपल्या भागातली मुलं तलावात आणि विहिरीत पोहायला शिकतात, आणि चांगलं पोहणारंच मूल समुद्रात जास्त धीट होतं.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत आत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने जातं. तोच ओढा माणसाला आत नेतो. तो दिसतो कसा? दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, थोडं गढूळ दिसतं. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर काठाकडे तोंड करून झगडायचं नाही. अंग तरंगतं ठेवायचं, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि लाटा फुटतात तिथून बाहेर यायचं. हे मुलांकडून पाठ करून घेऊ नका, पाण्यात करवून घ्या.

त्यासाठी निघण्याआधीच्या हिवाळ्यात एकदा कर्नाटकच्या किनाऱ्यावर मंगळुरूजवळ मुळकीला जा. आपल्या देशात सर्फिंगची मुळं तिथे रुजली, जवळच ससिहित्लूला स्पर्धाही झाल्या आहेत. पाणी कोमट, लाट हिवाळ्यात लहान. फळीवर पालथं झोपून हात मारणं आणि लाट आली की एका झटक्यात उठून उभं राहणं, एवढं तिथे अंगात भिनलं तर स्पेनमधला पहिला आठवडा वाचेल. उठण्याचा सराव घरी सतरंजीवर रोज करता येतो. तुम्ही दोघांनीही आत्तापासून तलाव सुरू करा. आई-वडील काठावर घाबरलेले असले की मूल पाण्यात मोकळं होत नाही.

स्पेनमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक जूनपासून पुढे असतात. मे महिन्यात नसतील असंच धरून चाला आणि शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात उतरू नका. लाल झेंडा असेल तर विषय संपला. लाटेवर शिस्तही असते : जो फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ, लाट त्याची, दुसऱ्याने तिच्यात घुसायचं नाही.

फैजपूरची मावशी

मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. बाळ, तुझ्या मुलीसाठी.

मराठी मुलांना स्पॅनिश उच्चारायला जड जात नाही. स्वर आपल्यासारखेच स्वच्छ, त आणि द दंत्य, र नीट फिरवायचा. इंग्रजीतून शिकणारी मुलं 'मला आवडतं'पाशी अडखळतात, कारण स्पॅनिशमध्ये तिथे वाक्याची घडणच वेगळी आहे. आपली मुलं मराठीतून गेली तर अडत नाहीत. 'मला समुद्र आवडतो'चा सांगाडा स्पॅनिशमध्ये जवळजवळ तसाच्या तसा उभा राहतो, क्रियापद समुद्राप्रमाणे चालतं. लिंगं तीन नाहीत, दोनच. तेव्हा तिला इंग्रजीच्या वळशाने नेऊ नकोस, थेट मराठीतून ने.

एक लक्षात ठेव. मोबाइलवरची बरीचशी शिकवणी लॅटिन अमेरिकेच्या धाटणीची असते. स्पेनमध्ये घरच्या, मित्रमंडळींच्या 'तुम्हा सगळ्यांना' 'बोसोत्रोस' चालतं, त्याची क्रियापदं वेगळी. तो भाग तिने आधी करून ठेवावा, नाहीतर किनाऱ्यावर मुलांच्या घोळक्यात तिला काही कळणार नाही. अनोळखी वडीलधाऱ्याला 'उस्तेद', बरोबरीच्याला 'तू'. आपल्या मुलांना हा फरक शिकवावा लागत नाही.

दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. शाळकरी मुलांसाठी 'डेले एस्कोलार' परीक्षा आहे. निघण्याआधी ए-१ ही पहिली पातळी झाली तर सहा आठवडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतील. तिथे गेल्यावर रोज वर्गात बसवू नकोस. सकाळी भाकरीवाल्याकडे तिलाच पाठव, आप्पांच्या परवान्याची चौकशी तिलाच करू दे, लिलावघरात माशांची नावं तिनेच विचारावीत. आप्पा मासेमारीतले जाणकार आणि ती भाषेतली. बंदरावर ती दोघं एकत्र गेली तर आजोबांचे प्रश्न तिला स्पॅनिशमध्ये न्यावे लागतील आणि उत्तरं मराठीत आणावी लागतील. यापेक्षा चांगला अभ्यास मी वर्गात देऊ शकत नाही.

तापीकाठची

मावशी, हे वाचताना मुलगी शेजारी बसली होती. तिने वहीत लिहून घेतलं. आप्पांनी आजपासून तिला प्रश्न द्यायला सुरुवात केलीय, पहिला प्रश्न : 'तुमच्याकडे अमावास्येला मासा लागतो का?'

आता आईंच्या जेवणाचं सांगा कुणीतरी. सहा आठवडे दूध-फळांवर काढायला लावणार नाही मी त्यांना.

धुळ्याचा, सध्या बिल्बाओ

हॉटेलात कठीण, घरी सोपं. इथे 'भाजीची' म्हणून मागवलेल्या आमटीतही डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो, कान्ताब्रियाचं प्रसिद्ध 'कोसिदो मोन्तान्येस' तर त्याशिवाय होतच नाही. साध्या सॅलडवर ट्यूना घालतात. म्हणून 'सिन कार्ने नि पेस्कादो', म्हणजे मांस नको मासा नको, हे वाक्य आईंनाच शिकवून ठेवा.

घरी मात्र सगळं जमतं. हरभरा, मसूर, राजमा, पालक, टोमॅटो, लसूण उत्तम. वांगी मोठी, काळी, भरताला चालतात. बेसनाचं पीठ सुपरमार्केटात मिळतं, डुबुकवडे करता येतील. या किनाऱ्यावर पूर्वीपासून मका खातात, 'बोरोना' म्हणून मक्याची जाड भाकर असायची, त्यामुळे मक्याचं पीठही मिळतं. ज्वारीचं मिळत नाही. कळण्याचं पीठ, काळा मसाला, लाल तिखट आणि शेव घट्ट पॅक करून आणा. पण तूप, पेढे, दुधाचा कुठलाही पदार्थ आणू नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

जेवणाच्या वेळा उशिराच्या, दुपारचं दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आप्पांना जेवणानंतरही उजेडात गळ टाकता येईल.

जळगावची सीए

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसावर (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तुमचे सहा आठवडे त्यात आरामात बसतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं वेगळं. विमा किमान ३०,००० युरोचा, प्रत्येकाचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मार्च उजाडू देऊ नका, कारण उन्हाळ्यासाठी तारखा लवकर भरतात. बारा वर्षांखालच्या मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. आप्पा-आईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि तुमची विवरणपत्रं जोडा. सातबारा जोडायला हरकत नाही, इंग्रजी भाषांतरासह. परत येण्याचं कारण भक्कम दिसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे घरभाडं चढतं, कारण स्पेनचीच मंडळी सुट्टीला किनाऱ्यावर येतात. मेपासून महिन्याच्या बोलीने घर घेतलं तर बराच फरक पडेल.

रावेरची केळी

वहिनी, एक सुचवतो. कान्ताब्रियाला गेलात तर मुलांना सान्तियाना देल मार गावाजवळचं आल्तामिरा दाखवा. १८७९ मध्ये साउतुओला नावाचे गृहस्थ त्या गुहेत जमिनीवर खोदत होते. बरोबर आलेल्या त्यांच्या लहान मुलीने, मारियाने, वर पाहिलं आणि छतावर रंगवलेले बायसन (रानगवे) तिला आधी दिसले. मूळ गुहा जपण्यासाठी आता बहुतेकांना तिची हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. अजिंठा आपल्या दाराशी आहे, त्याला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आल्तामिराला १९८५ मध्ये. दोन्ही पाहिलेली मुलं आपल्या भागात फार नसतील. निघण्याआधी अजिंठा पुन्हा एकदा नीट दाखवून आणा.

तापीकाठची

काल रात्री सगळ्यांनी मिळून हे पहिल्यापासून वाचलं. ठरलं : सान विसेन्ते. पूर्ण सहा आठवडे एकाच घरात. मधे बार्सिलोना, पॅरिस काही नाही. नवऱ्याच्या मनात माद्रिदचे दोन दिवस होते, तेही आप्पांनीच नको म्हटलं. त्यांचं म्हणणं, नव्या पाण्यावर पहिले आठ दिवस मासा आपल्याला ओळखत नाही, मग उरलेले दिवस का घालवायचे?

सर्फिंग सकाळी, भरतीप्रमाणे. दुपारी मुलगी आणि आप्पा बंदरावर. आई आणि मी कामिनो लेबानिएगोचा पहिला टप्पा चालणार, आईंनी आत्ताच विचारलंय की तो शिक्का कुठे मिळतो. मुळकीचं जानेवारीत धरलंय. मी आणि नवरा सोमवारपासून तलावावर जातोय.

दोन प्रश्न राहिलेत. आप्पांच्या परवान्याचा अर्ज इथूनच करता येतो का, की तिथे गेल्यावर? आणि बिल्बाओला उतरून सहा माणसं आणि सामान घेऊन पुढे कसं जायचं?

धुळ्याचा, सध्या बिल्बाओ

परवान्यासाठी पासपोर्टची प्रत आणि शुल्क भरल्याची पावती लागेल. आप्पांच्या पासपोर्टची प्रत मला पाठवा, सांतान्देरच्या कार्यालयात विचारून अर्ज कुठून करायचा ते इथे लिहितो. बिल्बाओपासून सांतान्देर साधारण शंभर किलोमीटर, बस सतत असतात, तिथून सान विसेन्तेला दुसरी बस. पण म्हातारी माणसं आणि कळण्याच्या पिठाच्या पिशव्या घेऊन दोन बस बदलू नका. तारीख कळवा. मी गाडी घेऊन येतो, दुसरी एका मित्राची आणतो. आईंना सांगा, धुळ्याचा पोरगा विमानतळावर उभा असेल.